जाड अक्षर, गोल कोपरा

देवनागरीचा एखादा जाड टाइप किती पाण्यात आहे हे बघायचं असेल, तर त्याच्याकडून 'लक्ष्मीपुरी' एवढा एकच शब्द लिहून घ्यावा. कोल्हापूरकराच्या रोजच्या तोंडातलं नाव. बारीक अक्षरात ते कुणालाही जमतं. जाडी वाढवत नेली की एकेक अक्षर अडायला लागतं. 'क्ष'च्या आतली फट बुजते. त्याला चिकटून आलेल्या 'म'ची गाठ डागासारखी दिसते. वेलांटी शिरोरेघेवर टेकायला बघते, 'पु'चा उकार खालच्या ओळीत घुसतो. एवढं सगळं सांभाळून जो टाइप शब्द वाचता ठेवतो, तो चांगला. तरीही शंका राहिलीच तर पुढची परीक्षा 'शाहूपुरी'तल्या 'हू'ची आणि 'खरी कॉर्नर'मधल्या 'र्न'ची घ्यावी. या शहरातल्या पेठांची आणि चौकांची नावं म्हणजे अक्षर घडवणाऱ्यासाठी तयार प्रश्नपत्रिका आहे.

हा लेख अशा जाड आणि गोल अक्षरांबद्दल आहे. त्यांची रेघ सगळीकडे जवळपास सारखीच जाड असते, टोकं बोथट केलेली असतात, कोपरे वळवलेले असतात. ती पानभर मजकुरासाठी नसतात. दुकानाचं नाव, मंडळाचं नाव, चित्रपटाचं नाव, दुधाच्या पिशवीवरचं नाव, लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, अशी दोन-चार शब्दांची कामं त्यांची. छापखान्यातली जुनी माणसं अशा अक्षरांना हेडिंगचा टाइप म्हणत. अक्षर हा विषय निघाला की आपल्याकडे वळणदार हस्ताक्षराचं आणि सुलेखनाचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण रस्त्यावर आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं या जाड गोल अक्षरांनी लिहिलेलं असतं, आणि त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. मला हा अन्याय वाटतो.

कोल्हापूर हे त्यासाठी बघण्यासारखं गाव आहे. बिंदू चौकातून शिवाजी चौकाकडे आणि तिथून महाद्वार रोडला चालत निघालं की पाटीच्या तीन पिढ्या शेजारी-शेजारी लागतात. पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली, फ्लेक्सवर छापलेली आणि ॲक्रिलिकची अक्षरं कापून आत एलईडी बसवलेली. गंमत अशी की तिन्हींत जाड गोल अक्षर भेटतं. पाट्यांच्या पलीकडेही ते भेटतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या गोल होण्याचं कारण वेगळं असतं.

पहिलं ठिकाण रंगवलेली पाटी. पेंटर खडूची पूड लावलेली दोरी ताणून पाटीवर दोन रेघा उठवतो. वरची रेघ महत्त्वाची, कारण देवनागरी अक्षर तिथून खाली लोंबतं. मग अक्षरं मोजून शब्दाचा मध्य काढतो, खडूनं ढाचा मांडतो, आणि एका हातात आडवी काठी धरून तिच्यावर ब्रशचा हात टेकवतो. अणकुचीदार कोपरा काढायचा तर ब्रश उचलावा लागतो, फिरवावा लागतो, आणि शेवटी पार्श्वभूमीच्या रंगानं कड कापून घ्यावी लागते. गोल टोकाला ही उठबस नाही. ब्रश टेकला, वळला, बाहेर आला. खडबडीत गिलाव्याच्या भिंतीवर बारीक रेघ तुटते, जाड रेघ गिलाव्याचे खड्डे पोटात घेते. त्यात रंग वाचवायचा, वेळ वाचवायचा, आणि गिऱ्हाइकाला तर अक्षर 'लांबून दिसणारं' हवं असतं. मग उजवीकडे आणि खाली शेड दिली की तेच अक्षर भिंतीतून पुढे येतं. डावीकडून वरून ऊन पडलंय असं धरून दिलेली ती शेड म्हणजे पेंटरची खरी सही.

या हातांना कोल्हापुरात मोठी परंपरा आहे. १८९० साली जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी कॅमेरा घडवायचा ध्यास घेतला, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ त्यांच्या या कंपनीची आठवण सांगतो. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे हिंदी चित्रपटसृष्टीच्याही इतिहासात आवर्जून दाखवलं जाणारं चित्र आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीत कलायोगी जी. कांबळे झाले. व्ही. शांताराम यांच्या राजकमल चित्रसंस्थेसाठी आणि 'मुघल-ए-आझम'साठी त्यांनी काम केलं. सरकारी कचेऱ्यांतून दिसणारं शिवछत्रपतींचं शासनमान्य चित्र त्यांचंच. या मंडळींच्या चित्रांवर भरपूर लिहिलं गेलं. त्या चित्रांच्या पायथ्याशी येणाऱ्या अक्षरांवर फारसं कुणी लिहिलं नाही. सिनेमाचं बॅनर थिएटरवर चढलं की रस्त्यावरच्या माणसाला आधी चेहरा दिसतो आणि लगेच नाव. ते नाव सायकलवरून जाता जाता वाचता यायला हवं. जाडीची गरज तिथूनच आली.

दुसरं ठिकाण बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ते आहे फाउंड्री. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या ओतकामानं कोल्हापूरला देशभर नाव दिलं. पंपाच्या, इंजिनाच्या, यंत्राच्या अंगावर कारखान्याचं नाव उठावात ओतलेलं असतं. बोट फिरवून बघा. एकही कड टोचत नाही.

हे सौंदर्यासाठी केलेलं नाही, वाळूनं करायला लावलेलं आहे. पॅटर्नवर, म्हणजे वस्तूच्या नमुन्यावर, नावाची अक्षरं बसवतात, भोवती वाळू ठोकतात आणि पॅटर्न अलगद वर काढून घेतात. अक्षराच्या भिंती सरळ उभ्या असल्या तर वाळू त्यांना धरून वर येते आणि साचा फुटतो. म्हणून भिंतींना थोडा उतार देतात. कोपरा धारदार असला तर तिथली वाळू निखळते. म्हणून कोपरे वळवतात. अक्षराच्या आतली पोकळी अरुंद असली तर साच्यात तिथे वाळूची पातळ भिंत उभी राहते, आणि वितळलेलं लोखंड आत आलं की ती वाहून जाते. पोकळी भरते, 'क' की 'फ' कळेनासं होतं. रेघ बारीक असली तर लोखंड तिथे पोचण्याआधी गार होऊन अर्धवट थांबतं. थोडक्यात वाळूला जाड रेघ हवी, गोल कोपरा हवा आणि मोकळं पोट हवं. कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या पॅटर्नमेकरला हे तिन्ही नियम हातानं माहीत असतात. अशा ओतीव नावांत रोमन अक्षरंच जास्त दिसतात, कारण प्रत्येक अक्षर सुटं बसवता येतं. देवनागरीत शिरोरेघ सलग हवी आणि वर-खाली मात्रा-उकार. तरीही जिथे कुणी चिकाटीनं मराठी नाव ओतलंय, तिथे मी थांबून बघतो. त्या अक्षरांत एक भारदस्त साधेपणा असतो, तो संगणकावर काढलेल्या अक्षरात सहसा येत नाही.

तिसरं ठिकाण लग्नाच्या आणि गणपतीच्या मांडवातलं. वधूवरांची नावं थर्माकोलमधून कापून स्टेजवर लावायची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली. तापलेली तार थर्माकोलमधून फिरते तेव्हा कोपऱ्यावर क्षणभर रेंगाळली तरी तिथला थर्माकोल वितळतो आणि कोपरा आपोआप गोल होतो. २०१८ च्या बंदीनंतर ते काम कागदी पुठ्ठ्यावर आणि एमडीएफवर गेलं. आता राउटर मशिन अक्षरं कापतं. त्याचं पातं गोल फिरणारं, म्हणून आतला कोपरा पात्याच्या जाडीनुसार गोल राहतोच. साधन बदललं, गोलाई राहिली.

जगात इतरत्रही हेच झालं. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी १९२२ मध्ये काढलेला 'कूपर ब्लॅक' हा रोमन लिपीतला जाड गोल टाइप शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'चं मुखपृष्ठ त्यातच आहे, इझीजेटच्या विमानांवरचं नाव त्याच अक्षरांत आहे. त्याच्या कडा मुळातच मऊ असल्यानं शाई पसरली, कागद हलका निघाला तरी अक्षराचं बिघडत नाही. हलक्या छपाईवर टिकणं हा या जातीचा गुण आहे, आणि पोत्यावर, पिशवीवर, खोक्यावर छापणाऱ्या आपल्या गावांना तो फार उपयोगाचा आहे.

देवनागरीत मात्र हा टाइप करणं अवघड. रोमन 'ओ'च्या पोटात एकच पोकळी असते. जाडी वाढली की ती लहान होते, आणि फार तर अक्षर थोडं रुंद करायचं. आपल्याकडे तीन थर आहेत. वर रफार, मात्रा, अनुस्वार, वेलांटी, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार. त्यात जोडाक्षरं. शिवाय आपलं अक्षर बोरूच्या तिरक्या कापातून जन्मलं. जाड-बारीक, जाड-बारीक हा त्याचा श्वास. सगळी रेघ एकसारखी जाड करायची म्हणजे बोरूची सवय सोडायची आणि तरीही 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांच्यातला फरक टिकवायचा. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी शिशाच्या खिळ्यांत ग्रंथांसाठी देखणी अक्षरं घडवली. हेडिंगच्या मोठ्या अक्षरांना मात्र तेवढे हात लाभले नाहीत. पुढे कमल शेडगे यांच्यासारख्यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षकं हातानं काढून ती उणीव भरली. पण ती त्या-त्या नावापुरती अक्षरं होती. कुणीही उचलून आपलं नाव त्यात लिहावं असा टाइप त्यातून मिळत नव्हता.

तो मिळाला गेल्या दशकाच्या मध्यात. मुंबईतल्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं 'मोदक' नावाचा फाँट मोफत खुला केला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. देवनागरीत एवढा जाड टाइप आधी क्वचितच कुणी केला असेल. 'मोदक'मध्ये अक्षराच्या आतली पोकळी फटीएवढी उरते, रेघा एकमेकींना इतक्या भिडतात की मधली पांढरी बारीक चीर हीच त्यांची ओळख ठरते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या जशा फुगलेल्या अंगावर नुसत्या चिमटीनं ओळखू येतात, तसं. त्यात 'लक्ष्मीपुरी' टाइप करून बघा. शब्द एक भरीव आकार होतो, आणि तरी वाचता येतो. 'क्ष'मध्ये कोणती चीर ठेवायची आणि कोणती गाळायची याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी अक्षर किती वेळा पुसून काढलं असेल, हे त्या एका जोडाक्षरात दिसतं. 'मोदक'ला स्वतःची मर्यादाही आहे. हा टाइप हातभर आकारात बोलतो, बोटभर आकारात मुका होतो. आणि उद्यमनगरातल्या वाळूत तर तो अजिबात ओतता येणार नाही. त्याच्या चिरा वाळू धरूच शकणार नाही. पडदा आणि कागद हेच त्याचं घर.

त्याच गटाचा 'बालू' जास्त कामाचा. जंगल बुकातल्या अस्वलाचं नाव, आणि अंगही तसंच, गुबगुबीत. पण गोलाईत मधूनच एखादं टोक ठेवलेलं असतं, त्यामुळे शब्द लोळत नाही, उभा राहतो. मराठीपुरतंच हे काम थांबलं नाही. गुजराती, बांगला, उडिया, गुरुमुखी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि उर्दू अशा लिप्यांत त्याची भावंडं घडली, आणि प्रत्येकाला त्या-त्या भाषेतलं भावाचं नाव मिळालं: भाई, दा, पाजी, तम्मा, तंबी, चेट्टन, भाईजान. वेगवेगळ्या लिप्यांवर वेगवेगळ्या रचनाकारांनी हात चालवला. २०१९ मध्ये आलेल्या 'बालू २'मध्ये एकाच्या जागी पाच जाड्या मिळाल्या, साध्यापासून अतिजाडपर्यंत. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला याचा अर्थ सरळ आहे. माल निपाणी-बेळगावला गेला तर कन्नड पाटी, गुजरातला गेला तर गुजराती पाटी, आणि सगळीकडे दुकानाचा चेहरा एकच. पैसे द्यावे लागत नाहीत, धंद्यासाठी वापरला तरी परवाना मोडत नाही. शिवाय हे युनिकोड आहे. श्रीलिपीच्या जुन्या फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचा चिवडा व्हायचा, तसं इथे होत नाही.

एवढं चांगलं साहित्य फुकट मिळत असताना फ्लेक्सवर त्याचं जे होतं ते बघवत नाही. वाढदिवसाचा फलक असो, शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यांच्या दिवसांत पेठेत लागलेला तालमीचा फलक असो, चूक तीच. अक्षर आधी उंचीनं ताणतात, म्हणजे उभ्या रेघा तेवढ्याच राहतात आणि आडव्या जाड होतात. जी एकसारखी जाडी हा टाइपचा प्राण, तीच जाते. मग पांढरी, लाल, सोनेरी अशा आउटलाइन चढवतात. कोरल ड्रॉमध्ये आउटलाइन साधी दिली तर ती अर्धी बाहेर आणि अर्धी आत येते. आधीच फटीएवढी पोकळी, ती पूर्ण बुजते. एकच काम करा: आउटलाइन भरलेल्या रंगाच्या मागे पाठवा. तसा पर्याय त्याच खिडकीत असतो. पोट मोकळं राहील, आणि आउटलाइनही दिसेल. ताणण्याऐवजी अक्षराचा आकार वाढवा. जागा नसेल तर शब्द कमी करा. जाड गोल अक्षराला तीन शब्द शोभतात, तीस नाही. शुभेच्छुकांची लांबलचक यादी त्यात लिहिणं हा त्या टाइपवरचा आणि वाचणाऱ्यावरचा जुलूम आहे. यादीला साधा, बारीक, उघडा टाइप घ्या.

आता कायद्याचं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हाही नियम झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. नियम मला मनापासून पटतो. पण तो नीट अमलात आणायचा तर अक्षराची रचना समजून घ्यायला हवी. बारा इंची पट्टीत इंग्रजी कॅपिटल अक्षर पूर्ण बारा इंच घेतं. त्याच पट्टीत मराठी नाव बसवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार आपला वाटा घेतात, आणि मूळ अक्षराला त्यातला थोडाच भाग उरतो. उंची सारखी भरली, तरी लांबून मराठी लहानच दिसतं. पाटीच्या धंद्यात जगभर ढोबळ हिशेब असा आहे की दहा फुटांमागे अक्षराची एक इंच उंची हवी. हा हिशेब आपण शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीवर केला पाहिजे. तसं केलं तरच मराठी खऱ्या अर्थानं बरोबरीनं दिसेल. आखूड मात्रा आणि भरीव अंगाचा गोल टाइप इथे फार उपयोगी पडतो.

आणि मराठी म्हणजे मराठीच वळण. पुष्कळ देवनागरी फाँटांत 'ल' आणि 'श' आधी हिंदी वळणाचे येतात. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानं पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच आपलं वळण म्हणून सांगितलं आहे. फाँटात ते रूप दिलेलं असलं, तरी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते उमटत नाही. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतला अर्धा 'ऱ' तुटतो का हेही छापण्याआधी एकदा बघावं. कोल्हापूरच्या पेंटरांच्या हातात मराठी 'ल' न सांगता यायचा. तो मशिनवर हरवू नये एवढं तरी फ्लेक्सवाल्यांनी करावं.

हातानं रंगवलेली अक्षरं जपायचं काम इतरत्र झालं आहे. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा' हा टाइप केला. दिल्लीच्या हनिफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फाँट बनवले आणि त्या फाँटांना पेंटरांचीच नावं दिली. कुरेशी २०२४ मध्ये गेले, त्यांनी नोंदवलेली अक्षरं राहिली. कोल्हापूरच्या पेंटरांचा आणि पॅटर्नमेकरांचा असा एकही फाँट माझ्या पाहण्यात नाही. या शहरात कलाशिक्षणाच्या संस्था आहेत, फाउंड्र्या आहेत, आणि ब्रश धरलेले हात अजून आहेत. कलाशाळेतल्या मुलांना एका सत्राचं काम म्हणून उद्यमनगरातली ओतीव अक्षरं कागदावर घासून उतरवायला आणि गंगावेशीपासून मंगळवार पेठेपर्यंतच्या जुन्या पाट्या मापासकट नोंदवायला लावता येतील. पहिली यादी दुकानदारांनीच करावी. दिवाळीच्या रंगकामात जुनी पाटी उतरवणार असाल, तर उतरवण्याआधी समोरून, उजेडात, वाकडा येणार नाही असा तिचा फोटो काढा. कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर तिचा वेगळा काढा. मागे साल लिहून ठेवा. आणि पेंटर हयात असेल, तर तो फोटो त्याला नेऊन दाखवा आणि ते अक्षर कसं काढलं ते विचारा.